फॉरेन म्हणजे नेमकं कुठलं?

"फॉरेनला पाठवायची आहे का?" लग्नाचं शूटिंग मिक्सिंगला आलं की आमच्या दुकानात हा प्रश्न ठरलेला. उत्तर "हो" आलं की लगेच पुढचा: "फॉरेन म्हणजे नेमकं कुठलं?" गिऱ्हाईक जरा बिचकायचं. नवरीचा दीर दुबईला असला तर काम सोपं. लंडनचा मामा, मेलबर्नची आतेबहीण, मस्कतला गेलेले शेजारी यांचीही काही कटकट नसायची. इथे बनवलेली डीव्हीडी तिथल्या टीव्हीवर जशीच्या तशी लागायची. पण न्यू जर्सी, टोरांटो किंवा टोकियो म्हटलं की मालक ऑर्डरच्या चिठ्ठीवर लाल पेनाने 'एनटीएससी', म्हणजे तिकडच्या टीव्हीची पद्धत, असं लिहायचे आणि डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलायचे. बाकीच्या चिठ्ठ्यांवर 'पाल', म्हणजे आपल्याकडची पद्धत. एकदा एका आजींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "शुभकार्याच्या कागदावर पाल कशाला लिहिता हो?" तेव्हापासून मालक नुसतं 'पी' लिहायला लागले.

नाशिकातलं ते दुकान म्हणजे एक गाळा. दोन कॉम्प्युटर, एक व्हीएचएसचा डेक, एक मिनी डीव्हीचा (कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेटचा), आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारं कालनिर्णय. कॉलेज करता करता मी तिथे कामाला होते. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. पण नातेवाइकांत 'हिला त्यातलं कळतं' अशी जी ख्याती झाली ती काही गेली नाही, आणि जुन्या डिस्क अजूनही माझ्याकडे येतात. त्यातल्या निम्म्यांबद्दल मी पहिल्यांदा एकच सांगते: एका पद्धतीतून दुसरीत बदलू नका. का, ते सांगण्यासाठी मात्र बरंच मागे जावं लागतं.

आमच्या चिठ्ठ्यांवरचा जगाचा नकाशा राजकीय नकाशाशी कुठेच जुळायचा नाही. अमेरिका, कॅनडा, जपान एका रांगेत. आपण, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि बहुतेक आखात दुसऱ्या. फ्रान्सने स्वतःचं तिसरंच काढलं, सेकाम. ब्राझीलने तर रेषा अमेरिकेच्या घेतल्या आणि रंग जर्मनांचा. हे सगळं वरवर मनमानी वाटतं, पण याच्या मुळाशी भिंतीतला प्लग आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेत ६० वेळा. सुरुवातीच्या टीव्हीत घरातल्या विजेची गुणगुण चित्रात उतरायची. चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळला तर ती सावलीची पट्टी एका जागी उभी राहते आणि डोळा तिला विसरतो; नाही जुळला तर ती दिवसभर वरखाली सरकत राहते. म्हणून अमेरिकेने सेकंदाला ६० अर्धी चित्रं धरली, युरोपाने ५०. अर्धी अशासाठी, की आधी एकाआड एक रेषा काढायच्या, मग मधल्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड मिळून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे तिकडे ३०, इकडे २५. रेषा तिकडे ५२५, इकडे ६२५. जपानची तर मोठी गंमत. तोक्योने विजेची यंत्रं जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून, त्यामुळे त्या देशात आजही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे. टीव्ही मात्र सगळीकडे अमेरिकी पद्धतीचा.

तीस हा आकडा गोल होता, तो १९५३ पर्यंत टिकला. अमेरिकेत कृष्णधवल टीव्ही १९४१ च्या मानकावर चालत होता आणि घरोघर संच पोचले होते. रंग आणायचा होता, पण जुने संच निकामी न करता. त्याआधी सीबीएस या अमेरिकी टीव्ही कंपनीची फिरत्या रंगीत चकतीची पद्धत १९५० साली मंजूर होऊन १९५१ मध्ये काही महिने चालली होती, पण ते कार्यक्रम जुन्या संचांवर दिसतच नव्हते. मग ती गुंडाळावी लागली. दुसऱ्या खेपेला इंजिनिअरांनी रंगाची लहर कृष्णधवल चित्राच्या पोटातच लपवली, जुन्या संचाला तिचा पत्ताही लागू नये अशी. एक अडचण उरली. आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर होती, रंगाची नवी लहर ३.५८ च्या आसपास. दोघींच्या भांडणातून पडद्यावर जाळीसारखी नक्षी उमटायची. ती मिटवायला एक तर आवाज किंचित सरकवा, नाहीतर चित्र किंचित हळू करा. आवाज सरकवला असता तर लोकांच्या घरातले जुने संच कुरकुरले असते. म्हणून चित्र हळू केलं, हजाराला साधारण एक या हिशेबाने. तीसचे झाले २९.९७.

मला या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. एका मोठ्या देशाने आपल्या घड्याळाचा गोल आकडा कायमचा मोडला, कशासाठी, तर शेजारच्या काकांचा जुना कृष्णधवल टीव्ही चालू राहावा म्हणून. त्याची किंमत मात्र पुढची सत्तर वर्षं एडिटिंगच्या टेबलावर बसलेल्या सगळ्यांनी मोजली. कारण फ्रेमना क्रमांक देताना ३० चाच हिशेब धरला, तर तासाभरात क्रमांक आणि भिंतीवरचं घड्याळ यांत १०८ फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त. त्यावर काढलेला तोडगा दुकानात मला कुणीही नीट समजावून सांगू शकलं नव्हतं. समजावलं ते कालनिर्णयने. दर मिनिटाच्या सुरुवातीला पहिले दोन क्रमांक गाळायचे, पण दहाव्या, विसाव्या, तिसाव्या अशा मिनिटांना गाळायचे नाहीत. फ्रेम एकही गाळायची नाही, गाळायचे ते नुसते क्रमांक. ही शुद्ध क्षयतिथी आहे. पंचमीनंतर थेट सप्तमी येते, पण म्हणून कुणाच्या आयुष्यातला दिवस कमी होत नाही. क्रमांकाने सूर्याशी जुळवून घेतलेलं असतं, इतकंच. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग १०८ आकडा बरोबर आला की!" आणि त्यांचा एनटीएससीवरचा राग थोडा निवळला.

जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी १९६०-७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळ्याच दुखण्यावर औषध काढलं. अमेरिकी पद्धतीत रंगाची छटा लहरीच्या कलावर ठरते. वाटेत तो कल जरा ढळला की माणसाचा चेहरा हिरवट किंवा जांभळट. म्हणून तिकडच्या टीव्हीवर 'टिंट'चं बटण असायचं, आणि ते एखाद्या उत्साही हाताने फिरवलं की नवरीची हळद पोपटी. ब्रुख यांनी एक रेषा सुलट, पुढची उलट अशी रचना केली. वाटेत चूक झाली तर एका रेषेत हिरवीकडे आणि पुढच्या रेषेत लालकडे होते. एक रेषा क्षणभर रोखून धरून दोघींची सरासरी काढली की चूक चुकीला खाते. ही रोखून धरण्याची युक्ती फ्रान्सच्या आंरी द फ्रान्स यांनी सेकाममध्ये आधीच वापरली होती, हेही सांगायला हवं. १९६७ मध्ये इंग्लंड आणि जर्मनीत पालचा रंग सुरू झाला. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला आलं ते कृष्णधवल, आणि रंग आला १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या वर्षी. तोवर जगाची भांडणं भांडून झाली होती. आपली वीज ५० ची, तेव्हा निवडही सरळ होती.

आता डीव्हीडीकडे येऊ, कारण इथे एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही. डिस्कवर पाल नसतंच. एनटीएससीही नसतं. ही दोन्ही नावं रंग लहरीत कसा बांधायचा याची आहेत, आणि ते काम प्लेअर करतो, चित्र केबलमध्ये सोडताना. डिस्कवर असतात ते आकडे: आपल्या डिस्कवर ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या २५ फ्रेम, अमेरिकी डिस्कवर ७२० बाय ४८० च्या २९.९७. म्हणूनच सेकामवाल्या फ्रान्ससाठी वेगळी डिस्क कधी काढावी लागली नाही. आपल्या जातीचीच तिथे चालायची.

हे आकडे एकदा गुणून बघा. ७२० गुणिले ५७६ गुणिले २५ म्हणजे १,०३,६८,०००. आता ७२० गुणिले ४८० गुणिले ३०. तेच येतात, १,०३,६८,०००. (२९.९७ ने गुणलं तर थोडे कमी, ते सोडा.) दोन्ही जगं सेकंदाला सारखेच ठिपके खर्च करतात. आपण ते रेषांवर जास्त खर्च करतो, ते हालचालीवर. हा योगायोग नव्हे. १९८२ मध्ये स्टुडिओतल्या डिजिटल चित्रासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं तेव्हा दोन्ही बाजूंना पचेल असा एकच नमुना-दर (सेकंदाला चित्राची किती मोजमापं घ्यायची तो आकडा) मुद्दाम शोधला होता, १३.५ मेगाहर्ट्झ. म्हणजे भांडण मिटवायची इच्छा होती. पण फ्रेमचा दर कुणीच सोडायला तयार नव्हतं, आणि खरी अडचण तिथेच होती.

रेषा बदलणं त्या मानाने सोपं. ५७६ च्या ४८०, म्हणजे सहाच्या पाच. पैठणीच्या काठाची जर थोडी पुसट होते, आणि आळशीपणाने केलं तर ती तडतड लुकलुकायला लागते, एवढंच. वेळेचं उलटं आहे. पाच फील्डचे सहा करायचे आहेत. जास्तीचा एक कुठून आणणार? तो क्षण कॅमेऱ्याने टिपलेलाच नाही.

दुकानातला सॉफ्टवेअर याचं काय करायचा ते मी एकदा अंतरपाट दूर होतानाच्या दृश्यावर बघत बसले होते. शेवटचं 'सावधान' संपतं, पाट खाली येतो, अक्षता उडतात. मूळ कॅसेटमध्ये एकेक फील्ड पुढे सरकवत गेलं की तांदळाचा दाणा स्वच्छ दिसतो; दर एक-पन्नासांश सेकंदाला तो बोटभर खाली आलेला. बदललेल्या डिस्कवर सहातला पहिला फील्ड असाच स्वच्छ. दुसऱ्यात दाण्याच्या शेजारी फिकट दाणा, कारण तो क्षण मूळच्या दोन क्षणांच्या मध्ये पडतो आणि यंत्र दोघांचं मिश्रण करतं. तिसऱ्यात दोघेही सारखे होत आलेले. चौथ्यात अगदी अर्धे-अर्धे. पाचव्या-सहाव्यात पहिला विरत जातो, दुसरा ठळक होतो, आणि पुन्हा एक स्वच्छ. सहातला एक खरा, पाच कालवलेले. हे सेकंदाला दहा वेळा घडतं. नुसतं बघताना कुणी म्हणत नाही की दाणे दुप्पट झाले, म्हणतात, "आपलं शूटिंग किती छान होतं, इथे जरा धुरकट वाटतंय ना?" भटजींच्या डोक्यावर तर अक्षतांचा नुसता ढग. नवरा-नवरी स्तब्ध उभे, म्हणून ते स्पष्ट. हलणारे सगळे पुसट.

याहून वाईट म्हणजे फील्डचा क्रम उलटा लागणं. मिनी डीव्हीच्या कॅसेटवर खालचा फील्ड आधी असतो, व्हीएचएसवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवलेल्या चित्रात बहुतेकदा वरचा. प्रोजेक्टमध्ये ते चुकीचं टिकलं तर वेळ अडखळते: अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. शांत विधींत कळत नाही. वरातीत कळतं. बँडसमोर नाचणारे काका थरथरायला लागतात, जणू हिवतापाने. काही दुकानं दुसरा फील्ड फेकूनच द्यायची, मग थरथर जाते आणि निम्मी हालचालही जाते. गिऱ्हाइकाला स्वच्छ वाटायचं, कारण स्थिर दिसायचं. आणि आवाजाची वेगळीच तऱ्हा. आपल्याकडच्या डिस्कवर एमपेग पद्धतीचा आवाज चालतो. अमेरिकी प्लेअरला तो वाजवण्याची सक्ती नाही, त्याला डॉल्बी किंवा साधा पीसीएम लागतो. फ्रेम बदलून, रेषा बदलून, सगळं करून पाठवलेल्या डिस्कवर कधीकधी मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांचे नुसते ओठ हलायचे.

सिनेमाला दुसरी पळवाट असते. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची. आपल्या बाजूचे लोक ती सरळ २५ ने पळवतात. तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं लवकर संपतो, आणि सगळ्यांचे आवाज पाऊण पट्टीच्या आसपास वर चढतात. मुद्दाम उतरवले नाहीत तर. अमेरिकी बाजूचे एक चित्र तीन फील्ड, पुढचं दोन, असं आलटून पालटून दाखवतात, म्हणून तिकडे कॅमेरा हळू फिरला की बारीक हिसका दिसतो. म्हणजे अशी डिस्क पालवरून एनटीएससी करायची तर मिश्रण करायचंच नाही. पळवलेलं पुन्हा हळू करायचं आणि तीन-दोनच्या तालात बसवायचं. एकही चित्र कालवावं लागत नाही. हे फक्त फिल्मला चालतं. व्हिडिओ कॅमेऱ्यावरच्या लग्नात सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण असतात, ते हळू केले तर लग्नच हळू लागेल.

एवढं सोपं असूनही आपल्याकडच्या पुष्कळ चित्रपटांच्या डीव्हीडी लग्नांच्याच वाटेने गेल्या. इथे दुकानात विकली जाणारी डिस्कही कितीदा एनटीएससी असायची, कारण आपले टीव्ही आणि प्लेअर दोन्ही खायचे, अमेरिकेतले एकच. मग दोन माल कशाला काढायचे? पण ज्या टेपवरून ती काढायची ती पालची, आधीच २५ वर पळवलेली; तिच्यावर फील्डचं कालवण. इथल्याच प्रयोगशाळेतून निघालेला सिनेमा, इथल्याच प्रेक्षकाला, परदेशासाठी बिघडवून परत मिळायचा. मला याचा त्या वेळी राग यायचा आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. (रीजन कोडची, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालू द्यायची त्या क्रमांकाची, भानगड वेगळी. भारताचा ५, अमेरिकेचा १. ते धंद्याचं कुलूप, त्याचा रेषांशी संबंध नाही. जपान आणि युरोप दोघेही २ मध्ये, आणि तरी एकाची डिस्क दुसऱ्याच्या टीव्हीवर अडते.)

आपले टीव्ही दोन्ही खायचे, हे मी सहज लिहून गेले, पण त्यामागे एक इतिहास आहे. आखातातून येणाऱ्या माणसांनी १९८० नंतर जे व्हीसीआर खोक्यातून आणले त्यांच्यावर 'मल्टिसिस्टिम' लिहिलेलं असायचं. त्या घरांत कॅसेट कुठूनही यायची: दुबईहून, जेद्दाहून, अमेरिकेतल्या मावशीकडून. तेव्हा यंत्रानेच सगळं शिकलेलं असणं भाग होतं. पुढे इथल्या साध्यातल्या साध्या टीव्हीतही ते आलं. अमेरिकेतल्या दिवाणखान्यातल्या महागड्या टीव्हीला मात्र ५० चं चित्र दिलं की तो वेड्यासारखा फिरायचा किंवा काळा पडायचा. त्याला बाहेरचं काही दाखवायची गरजच कधी पडली नव्हती. ज्याच्या घरी पाहुणा येत नाही त्याला दुसरी बोली यावी कशाला? माझ्या मावशीने न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये शेवटी एक स्वस्तातला प्लेअर शोधून काढला, जो पालची डिस्क घेऊन स्वतःच एनटीएससी बाहेर सोडायचा. तिच्या मंडळातल्या अर्ध्या घरांत मग तोच गेला. त्याचं रूपांतर काही दर्जेदार नव्हतं. पण मूळ डिस्क शाबूत राहायची, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

कारण रूपांतर चांगलं करता येत नाही असं नाही. दूरचित्रवाणी केंद्रांनी यावर आयुष्य घातलं आहे. सुरुवातीला एका पद्धतीचा पडदा आणि त्याच्यासमोर दुसऱ्या पद्धतीचा कॅमेरा, इतका सरळ मामला होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी बीबीसीने इलेक्ट्रॉनिक रूपांतरक तयार ठेवला. १९७२ मध्ये ब्रिटनमध्येच पहिला डिजिटल आला. पुढे हालचाल ओळखणारी यंत्रं निघाली: दाणा आधी इथे होता, नंतर तिथे आहे, तर मधल्या क्षणी तो कुठे असेल हे काढायचं आणि तिथे एकच दाणा ठेवायचा. आज घरातला कॉम्प्युटर हे करतो. पण अक्षता हा प्रकार त्यालाही झेपत नाही. शेकडो दाणे, सगळे सारखे, एकमेकांना ओलांडणारे. यंत्र एकाचा हात दुसऱ्याला देतं, आणि मंडपात तांदळाच्या चक्क रेघोट्या उमटतात. त्यापेक्षा जुनं कालवण बरं वाटतं.

रूपांतर केलेलं मिळालं म्हणून मूळ हरवलं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंद्रावरचं आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या कॅमेऱ्याने पाठवलेलं चित्र ना पाल होतं ना एनटीएससी. यानातून फार माहिती पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून ३२० रेषा आणि सेकंदाला फक्त १० चित्रं. जमिनीवरच्या केंद्रात ते एका पडद्यावर दाखवून त्याच्यासमोर साधा टीव्ही कॅमेरा रोखला होता; त्यातून ५२५ रेषांचं अमेरिकी चित्र झालं, आणि ६२५ च्या देशांत जाताना ते पुन्हा बदललं. जगाने पाहिलं ते हे, भुतासारखं. केंद्रातल्या पडद्यावर ज्यांनी थेट पाहिलं त्यांच्यासमोर कितीतरी स्वच्छ चित्र होतं, आणि ते मूळ रूपात टेपवर उतरवलंही होतं. पुढे त्या टेपांचा शोध सुरू झाला तेव्हा २००९ मध्ये नासाने सांगितलं, की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांचा तुटवडा होता आणि चित्र तर सगळ्यांकडे आहेच, असं वाटलं असणार. आमच्या दुकानातही दुसरं काही चालत नव्हतं. डीव्हीडी झाली की मिनी डीव्हीची कॅसेट पुढच्या मुहूर्ताच्या शूटिंगला. गिऱ्हाइकाने मागितली तर द्यायची, पण मागतं कोण? 'मास्टर' हा शब्द पावतीवर होता, कपाटात नव्हता.

अमेरिकेने १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं जुनं ॲनालॉग प्रसारण बंद केलं. दूरदर्शननेही आपले जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. पाल आणि एनटीएससी कायद्याने गेल्यासारखेच. तरी आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवायचं एक बटण आहे, आणि लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यातही पाल की एनटीएससी हे पहिल्यांदा विचारलं जातं. कारण भिंतीतला प्लग बदलला नाही. मंगल कार्यालयातले एलईडी ५० च्या विजेवर लुकलुकतात. न्यू जर्सीहून आलेला भाचा आपल्या फोनवर ६० ने शूट करतो, आणि त्याच्या व्हिडिओत स्टेजवरून सावलीच्या पट्ट्या चालत जातात. तीच ती १९४१ ची सरकती पट्टी. मग आमचा शूटिंगवाला २५ चं आणि भाच्याचं ६० चं एकाच टाइमलाइनवर टाकतो आणि मला फोन करतो.

आता माझ्याकडे डिस्क आली तर मी पहिल्यांदा तिची आहे तशी पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर उतरवते. जांभळ्या पोटाच्या, दुकानात भरलेल्या डीव्हीडी फार जगत नाहीत, कडेपासून वाचेनाशा होतात, तेव्हा याला उशीर करून चालत नाही. दोन पिढ्यांच्या डिस्क असतील, इथली पालची आणि तिकडून परत आलेली एनटीएससीची, तर दुसरी बघतही नाही. मग पालच्या प्रतीवरून एक एमपी४ काढते: फील्ड सुटे करून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम, रेषा ५७६ च्या ५७६. कुणाच्याही फोनवर, टीव्हीवर, लॅपटॉपवर चालते. ५० चं ६० करायचं ते त्या पडद्याने करावं, त्याचा तो धर्म.

ठिपक्यांच्या आकाराचं मात्र लक्ष ठेवावं लागतं. डीव्हीडीवरचे ठिपके चौरस नसतात. ७२० बाय ५७६ हे चित्र दाखवताना ७६८ इतकं रुंद ताणायचं असतं, आणि ७२० बाय ४८० ला ६४० वर दाबायचं. फाइलमध्ये तशी खूण असते, पण काही ॲप तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मग पालमधली माणसं बारीक दिसतात आणि एनटीएससीतली जाड. तीच माणसं, तेच लग्न.

धाकट्या मामाच्या लग्नाची फाइल मावशीला पाठवली तेव्हा असंच झालं. त्या लग्नाला ती अमेरिकेहून आली होती, नऊवारी नेसली होती, आणि इतकी वर्षं एनटीएससीच्या डिस्कवर, नव्या रुंद टीव्हीवर आणखी ताणून, स्वतःला बघत होती. नव्या फाइलचा तिने फोनवरचं कुठलंसं ॲप उघडून पत्ता लावला. रात्री कॉल.

"अगं, ही कुठून काढलीस? हीच खरी आहे. मी अशीच होते."

मी म्हटलं, "मावशी, ते ॲप चित्र नीट ताणत नाहीये. थांब, रुंदी फाइलमध्येच पक्की बसवून परत पाठवते."

"काही नको पाठवूस," मावशी म्हणाली. "आणि ती आधीची डिस्क मी टाकून देतेय. तुझ्या काकांनाही सांगितलंय."